मी न पाहिलेलं सेबू

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या दैनिकाच्या पुरवणीत फिलिपाइन्समधल्या सेबू शहरावरचा माझा लेख छापून आला. 'मी पहाटे बंदरावर उतरलो' हे त्याचं पहिलं वाक्य होतं. मी सेबूला गेलो नव्हतो. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आजही नाही.

लेखाचा माल मावसभावाचा होता. तो मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. जहाज सेबूला लागलं तेव्हा त्याला एक दुपार सुट्टी मिळाली. त्या दुपारी काढलेले फोटो आणि एक लांबलचक व्हॉइस मेसेज त्याने मला पाठवला. 'बघ, तुझ्या पेपराक कामाक येतत तर,' एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पुरवणीत पर्यटनाचं पान दर रविवारी भरावं लागतं. पावसाळ्यात मालवणातले पर्यटक कमी होतात, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, तारकर्लीच्या जाहिराती आटतात आणि पानाला मजकूर मिळत नाही. अशा वेळी कोणाचे तरी फोटो आणि इंटरनेट यांवर टेबलाशी बसून लेख तयार करायची आमच्याकडे पद्धत होती. तिला आम्ही 'बैठी भ्रमंती' म्हणत असू. पुरवणीचे संपादक कुडाळला बसत. त्यांची सूचना ठरलेली असे: "वाचकाला माणूस लागतो. 'मी' घाला." मी 'मी' घालत आलो होतो.

सेबूच्या लेखात पाच ठिकाणं होती. पहिलं बंदराजवळचा त्रिकोणी किल्ला. तो आकाराने लहान आहे, आपल्या सिंधुदुर्गाच्या एका कोपऱ्यात मावेल, असं मी लिहिलं, आणि 'तटावर आदळणाऱ्या लाटांचा आवाज मालवणची आठवण करून देतो' असंही लिहिलं. दुसरं, देशातला सगळ्यात जुना म्हणवला जाणारा रस्ता. तिसरं, सुक्या मासळीचा बाजार. इथे 'ओळखीचा वास नाकात शिरला' हे वाक्य होतं. चौथं, बाळ येशूच्या मूर्तीचं दगडी चर्च. पाचवं त्या चर्चला लागूनच आहे. आठ बाजूंची एक दगडी छत्री आणि तिच्याखाली उभा लाकडी क्रूस. पोर्तुगीज दर्यावर्दी पहिल्यांदा या बेटावर आला तेव्हा त्याने रोवलेला क्रूस या लाकडाच्या आत आहे, असं तिथे सांगतात. नवस फेडायला आलेली माणसं मूळ क्रूसाच्या ढलप्या काढून नेऊ लागली, म्हणून त्याला बाहेरून दुसरं लाकूड बसवलं, असंही सांगतात.

या छत्रीपाशी मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात. आपण मेणबत्ती घ्यायची आणि नाव सांगायचं. मग ती बाई मेणबत्त्या हातात धरून दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असं डोलत देवाला आपलं मागणं घालते. मावसभावाने हे व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं होतं. 'आपला गाऱ्हाणाच गो ता, फक्त व्हय म्हाराजा नाय,' असं तो त्याच मेसेजमध्ये मध्येच माझ्या बायकोला उद्देशून म्हणत होता; आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना जमलेले लोक दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मेणबत्तीच्या रंगाप्रमाणे मागणं बदलतं, जिवंतांसाठी एक रंग आणि मेलेल्यांसाठी दुसरा, हे मी इंटरनेटवर वाचून घातलं.

लेख बसवताना शेवटच्या रकान्याच्या तळाला सात ओळी कमी पडल्या. मी सात ओळी लिहिल्या: 'मीही एक मेणबत्ती घेतली. माझ्या जिल्ह्यातून समुद्रावर गेलेल्या सगळ्यांसाठी ती लावायला सांगितली. बाईने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि आपल्या भाषेत गाऱ्हाणं घातलं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण सगळं कळलं.' सोबत मेणबत्ती धरलेल्या हाताचा फोटो लावला. हात मावसभावाचा होता. फोटोखाली 'छाया: लेखक' असं छापलं गेलं.

सोमवारी सकाळी ऑफिसात सहकाऱ्यांनी माझा पासपोर्ट मागितला. "विमानात खिडकी गावली काय रे?" असं एकाने विचारलं. मी हसलो.

अकराच्या सुमाराला एक बाई आली. साठीच्या पुढची, डोक्यावर जवळजवळ रिकामी टोपली, लुगड्याला मासळीचं पाणी. ती मालवणच्या दांडी किनाऱ्यावर राहणारी आणि सकाळी मासळी बाजारात बसणारी होती. तिने दारातच टोपली उतरवली आणि जपून, एकेक शब्द ठेवत विचारलं, "फिलिपाइन्सचा लेख लिहिणारे साहेब कुठे बसतात?"

"साहेब नाय गो, आमचोच तो," सहकारी म्हणाला. "तो बघ, मोडक्या पंख्याखाली."

ती माझ्यासमोर बसली. पुरवणीचं पान चौघडी करून तिने पोलक्यात ठेवलं होतं. ते उघडून टेबलावर सपाट केलं. तिला वाचता येत नव्हतं. सुनेने काल तीनदा वाचून दाखवलं होतं, असं तिने सांगितलं. मग पिशवीतून फोन काढला. फोनवर एक तरुण त्याच त्रिकोणी किल्ल्याच्या दरवाजासमोर उभा होता.

"माझो झिल," ती म्हणाली.

तो तिचा एकुलता मुलगा होता. मालवाहू जहाजावर खलाशी. हा फोटो त्याचा शेवटचा. जहाज सेबूहून निघाल्यावर तिसऱ्या सकाळी तो कामावर हजर झाला नाही. जहाज मागे फिरवून शोध घेतला, तो सापडला नाही. कंपनीचं पत्र आलं. याला आठ महिने होऊन गेले होते. ही बातमी त्या वेळी मीच चार ओळींत दिली होती. लेखात सेबूचं नाव लिहिताना मला ती आठवली नव्हती, फोटो पाहूनही नाही. तिने सांगितल्यावर आठवली.

"तू जावन इलंस मां थंय?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"ह्या दरवाजाकडे?"

"हो."

"थंयसून दर्या दिसता?"

"दिसतो. समोरच."

तिने मान हलवली. मग पानावरच्या मेणबत्तीवर बोट ठेवलं. "सगळ्यांसाठी लायलंस म्हणतंस. म्हणजे तेचाय नाव त्यात इला."

"हो, सगळ्यांचंच."

"ती जित्याची लायलंस काय मेल्याची?"

मी जन्मापासून मालवणात आहे. घरात, बाजारात, ऑफिसातही मी मालवणीच बोलतो. त्या दिवशी तिच्याशी सगळं बोलणं मी छापील मराठीत केलं. हेही मी म्हणालो ते छापील मराठीतच: "जिवंतांची."

ती उठली. टोपलीत तळाला केळीच्या पानात गुंडाळलेले चार बांगडे होते, ते तिने टेबलावर ठेवले. मी नको म्हणालो. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. बांगडे मी घरी नेले.

पुढचं मला तिच्या सुनेने सांगितलं. ती गणपतीच्या आधी तीन दिवस ऑफिसात आली, एकटी. तिचं माहेर मसुऱ्याचं, शिक्षण बारावी, मालवणातल्या एका औषधांच्या दुकानात काम करते. बोलणं शांत होतं.

नवरा सापडला नाही म्हणून त्याचं कार्य झालेलं नव्हतं. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं, की दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा आणि पुढचं सगळं पितृपक्षाच्या आत उरकावं, म्हणजे सर्वपित्रीला त्याचं नाव घेता येईल. सासू तयार नव्हती. शेवटी ग्रामदेवतेला कौल लावायचा ठरलं. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या, उजवी पडली. देवाने हो म्हटलं. सासूने मान्य केलं. तयारी सुरू झाली. त्यानंतरच्या रविवारी माझा लेख आला.

"सोमवारी तुमच्याकडून आल्या आणि सरळ देवळात गेल्या," सून म्हणाली. "गुरवाला म्हणाल्या, कौल परत लाव. तो म्हणाला, एकाच गोष्टीचा कौल दोनदा लागत नाही. तर त्या म्हणाल्या, पेपरात इला हा."

कार्य रद्द झालं. त्या दिवसापासून सासू दुपारी जेवताना मुलाचं ताट वाढत होती.

"दादा, तुमच्या हातात अंगठी नाही," सून मध्येच म्हणाली.

मी हाताकडे पाहिलं. फोटोतल्या हातात अंगठी होती.

"काढून ठेवलीय," मी म्हणालो.

"आणि अंगठ्याजवळचा तीळ? तोपण काढून ठेवलात?"

खिडकीच्या वाऱ्याने कागद उडत होते, त्यांवर मी स्टेपलर ठेवला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "माफीबिफी मला नको. तुम्ही घरी या आणि त्यांना सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, हिला मोकळं व्हायचंय."

थोडं थांबून म्हणाली, "व्हायचंच आहे. ते ताट रोज मी घासते."

मी येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. गणपतीच्या पुरवणीचं काम होतं. त्याच्या पुढच्या दिवशी दांडीवर गेलो, जाळी वाळत घातलेल्या मैदानापर्यंत पोचलो. तिथे एका ओळखीच्या मच्छीमाराने विचारलं, "काय बातमी?" मी त्याच्याकडे यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांच्या वादाची चौकशी केली, वहीत दोन पानं टिपून घेतली आणि परत आलो. ती बातमी छापून आली. मग चतुर्थी आली. माझ्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. त्या पाच दिवसांत कोणी कोणाकडे असं सांगायला जात नाही, अशी मी माझी समजूत घातली. गौरी गेल्यावरही चार दिवस गेले. तेवढे दिवस ताट वाढलं जात होतं आणि घासलं जात होतं.

त्या दिवसांत मी दोन गोष्टींची खात्री करून घेतली. पहिली, किल्ल्याची. त्याच्या तटाला आता लाटा लागत नाहीत. भराव घातल्यामुळे समुद्र मागे हटला आहे. दरवाजासमोर बाग आहे. हे लेख लिहिण्याआधी इंटरनेटवर पाच मिनिटांत कळलं असतं. दुसरी, मेणबत्तीची. मावसभावाला मी मेसेज करून विचारलं, ती कोणासाठी लावली होतीस? त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं: 'लायलंय खंय? फोटोसाठी हातात धरलंय आणि तिची तिका परत दिलंय. घाय होती.'

शेवटी मी सासूला गाठायला मासळी बाजारात गेलो. बाजार निवडण्याचं कारण असं, की तिथे गर्दी असते, तिचे हात कामात असतील आणि बोलणं थोडक्यात आटपेल. गणपती नुकतेच गेले होते, गिऱ्हाइकांची झुंबड होती. ती पाटावर बसून बांगडे साफ करत होती. शेजारची कोळंबीवाली मला ओळखत होती.

"इलो गो फिलिपाइन्सवालो!" ती ओरडली. "काय रे, थंय बांगडो कसो दिलो?"

"तो इमानातसून इलो, तेका बांगडो नको, पापलेट दी," पलीकडची म्हणाली. बायका हसल्या. तीही हसली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "मावशी, मी गेलंच नाय होतंय," मी म्हणालो.

"खंय?"

"सेबूक. मी लिवलंय ता दुसऱ्याच्या फोटोंवरसून."

तिने हातातला बांगडा साफ करून पुरा केला, गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकला, पुढचा घेतला. कोळंबीवाली आता कान देऊन ऐकत होती.

"हयसर नको," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दुपारी घरा ये. मी ताट वाढतंय, तेच्याकडे बसान सांग."

दुपारी एक वाजता मी गेलो. घर दोन खोल्यांचं, पुढे ओटी. मुलाचा फोटो भिंतीवर होता, त्याला हार नव्हता. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सासूने पाट मांडला, ताट वाढलं: भात, बांगड्याचं तिखलं, वाटीत सोलकढी. ताटाच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला तिने मला बसवलं.

"सांग आता."

मी क्रमाने सांगितलं. फोटो मावसभावाचे. हात त्याचा. मी सेबूला गेलो नाही, कुठल्याच परदेशात गेलो नाही. किल्ल्यासमोर समुद्र दिसतो की नाही हे मला माहीत नव्हतं तरी मी दिसतो म्हणालो. तिथे बाग आहे. मेणबत्ती मी लावली नाही. तिने जित्याची की मेल्याची असं विचारलं तेव्हा मी तोंडाला आलं ते सांगितलं.

"तुझ्या भावान तरी लायली?"

"नाय. फोटोसाठी हातात धरल्यान आणि परत दिल्यान."

"म्हणजे कोणीच नाय लायली."

"नाय."

"मगे लिवलंस कित्याक?"

"पानावर सात वळी कमी पडत होत्यो."

तिला नीट कळलं नाही. मी परत सांगितलं. पान तयार करताना खाली जागा उरली होती, ती भरायची होती. मला दुसरं काही सुचलं नाही.

"सात वळी," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे किती?" तिने सुनेला विचारलं. सुनेने भिंतीच्या फळीवरून पुरवणीचं ते पान काढलं आणि तर्जनी व अंगठा यांत अंतर धरून दाखवलं. सासू ते अंतर बघत राहिली. मीही बघितलं.

मग तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

"जेव."

"नको, मावशी."

"रांदलेला आसा. फुकट जावक नको. जेव."

मी जेवलो. भात संपला तेव्हा तिने आणखी वाढला. तोही मी खाल्ला. सोलकढी प्यालो. काटे ताटाच्या कडेला ठेवले. उठायच्या आधी मी म्हणालो, "माझां चुकला."

"तां झाला," ती म्हणाली. "तुझो भाव परत जातलो काय थंय?"

"जहाज गेला तर जायत."

"तेका सांग. आता हातात धरून परत दिव नको म्हणा. पैसे आमी दितलंव. तेचा नाव सांगूक सांग, सगळ्यांसाठी नको. एकट्याचा."

सुनेने औषधांच्या दुकानाच्या चिठ्ठीमागे नाव लिहून दिलं. मराठीत, आणि खाली इंग्रजीत. चिठ्ठी मी खिशात ठेवली. कुठल्या रंगाची लावायची, हे विचारायचं राहिलं होतं. ते विचारावं लागणार होतं.

"खंयची लाव म्हणान सांगू?"

ती ताट उचलून उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दारात सूनच होती. सासूने ताट तिच्या हातात दिलं नाही. स्वतः मागच्या दारी नेऊन घासायला बसली. तिथूनच तिने सांगितलं, "मेल्याची."

ऑफिसात परतल्यावर मी खुलासा लिहिला: 'सेबू शहरावरील लेखाचा लेखक त्या शहरात गेलेला नाही. लेखातील मेणबत्तीचा प्रसंग घडलेला नाही. वाचकांची क्षमा मागतो.' तो कुडाळला पाठवला. संपादकांचा फोन आला. "अहो, एवढं कोण विचारतंय?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सहाव्या पानावर पाण्याच्या टाकीच्या बातमीखाली दोन ओळी आल्या: 'सेबू शहरावरील लेखातील छायाचित्रे एका वाचकाने पाठवली होती. श्रेय अनवधानाने राहून गेले.' मी फोन करून विचारलं नाही. 'मी' घालू नये अशी सूचनाही कोणी दिली नाही. बैठी भ्रमंती मी लिहायची थांबवली. ती आता दुसरा एक सहकारी लिहितो.

पितृपक्षाच्या तोंडावर जवळच्या कोळंब गावी खाडीकाठी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला गेला. मला बोलावणं नव्हतं. बातमी सुनेने फोनवर सांगितली. सर्वपित्री अमावस्येला घरच्या इतर नावांबरोबर मुलाचं नाव घेतलं गेलं, हे तिच्याकडूनच कळलं. भिंतीवरच्या फोटोला हार घातला आहे. मुलाचं ताट वाढणं बंद झालं आहे.

चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी तिचा फोटो काढून मी मावसभावाला पाठवला होता. खाली रंग लिहिला होता. 'लायतंय,' असं त्याचं उत्तर आलं. दर महिन्याच्या सुरुवातीला मी त्याला विचारतो, आता कुठे. त्याचं जहाज त्यानंतर सिंगापूर, कोलंबो आणि दोनदा मुंद्र्याला लागलं. सेबूला गेलेलं नाही.